मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला, तरी मोटर न्यूरॉन आजार असू शकतो का?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय हे इतरांनाही कळेल. वडील ५८ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी उजव्या हाताची पकड सैल झाली, शर्टाची बटणं लागेनात, कुलपात किल्ली फिरेना. आता अंगठ्याच्या बुडाशी असलेलं मांस झडलंय, दंडावर कातडीखाली सारखं काहीतरी उडत असतं, आणि गेल्या दोन महिन्यांत बोलणं जड झालंय. न्यूरॉलॉजिस्टनी ईएमजी (स्नायूत सुई घालून त्यातली विजेची हालचाल तपासणं) करून मोटर न्यूरॉन आजाराची शक्यता सांगितली. मेंदूचा एमआरआय मात्र नॉर्मल आला. मानेच्या एमआरआयमध्ये दोन ठिकाणी गादी सरकलेली दिसली आणि एका सर्जननी ऑपरेशन सुचवलं. मेंदूत काही सापडलं नाही म्हणजे तो आजारच नाही, असं घरातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं आहे. हे खरं आहे का, आणि या आजाराचा पक्का छडा लावणारं एखादं नवं स्कॅन आहे का, असं तुम्ही विचारता.

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे म्हणून मोटर न्यूरॉन आजार नाही, असं म्हणता येत नाही. आणि एकट्याच्या जोरावर या आजाराचं निदान करेल असं स्कॅन आज नाही. म्हणून तुम्ही केलेला एमआरआय वाया गेला असं मात्र समजू नका. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर त्या ‘नॉर्मल’ शब्दाला मोठा अर्थ आहे, आणि तो घरात लावला जातोय त्याच्या जवळजवळ उलटा आहे. मी वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना काय झालंय हे मी सांगणार नाही. पण गेली पंचवीस वर्षं मी याच आजाराचे रुग्ण पाहतो आहे, आणि हा रिपोर्ट हातात धरून घरातली माणसं समोर बसलेली मी असंख्य वेळा पाहिली आहेत. तो कसा वाचायचा, एवढं नीट सांगतो.

डोक्यावर हेअरबँड लावल्यावर तो जिथे बसेल, साधारण तिथे मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींची पट्टी असते. तिथल्या पेशींचे लांब तंतू मेंदूच्या आतून, मेंदूच्या देठातून खाली उतरतात, बहुतेक तिथेच बाजू बदलतात आणि मज्जारज्जूत जातात. हे वरचे मोटर न्यूरॉन. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या देठात दुसरी पेशी तो निरोप घेते आणि थेट स्नायूपर्यंत पोचवते. हे खालचे मोटर न्यूरॉन. या आजारात दोन्ही मरत जातात. वरचे गेले की अंग ताठरतं, रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावर स्नायूला आपोआप बसणारे हिसके) भडकतात. खालचे गेले की स्नायू वाळतो आणि वाळता वाळता उडत राहतो. पॅरिसचे न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी १८६९मध्ये जिवंतपणी पाहिलेली ही लक्षणं आणि मृत्यूनंतर मज्जारज्जूत दिसलेले बदल यांची सांगड घातली. आज आपण ज्याला एएलएस म्हणतो तो या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. शार्कोंनी पाहिले ते बदल जिवंत माणसात पाहता यावेत, ही तेव्हापासूनची धडपड आहे. आजही ती अर्धीच साधली आहे.

का, ते सांगतो. हालचालींच्या पट्टीतल्या सर्वांत मोठ्या पेशींना बेट्झ पेशी म्हणतात. त्या मोठ्या म्हणजे किती, तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या. आपल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये चित्राचा सर्वांत लहान ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो, आणि त्या एका ठिपक्यात हजारो पेशी मावतात. एमआरआयला गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो, सूज दिसते, रक्तपुरवठा तुटलेला भाग दिसतो. पण पेशी एकेक करून विरळ होत असतील, तर ते पुष्कळ उशिरापर्यंत दिसत नाही. टेकडीवरून शेत पाहिलं तर दर दहा ताटांमागे एक वाळलेलं असलं तरी रान हिरवंच दिसतं, तसं. शिवाय निम्मा आजार मेंदूत नसतोच. वडिलांसारखं अंगठ्याचं मांस या आजारात झडतं ते मज्जारज्जूच्या मानेतल्या खालच्या टोकाशी असलेल्या पेशी गेल्यामुळे. त्या पेशींसाठी मेंदूचा फोटो काढून काय मिळणार? त्यांची खबर ईएमजीची सुई देते. सुई स्नायूत घातली की मज्जातंतूशी संबंध तुटलेले तंतू आपोआप विजेचे ठोके देताना ऐकू येतात. अजून ज्या स्नायूत अशक्तपणा जाणवतही नाही, तिथेही ते सापडू शकतात.

म्हणून या आजाराचं निदान आजही डॉक्टरांचे हात, रिफ्लेक्सची हातोडी आणि ईएमजी यांवर उभं आहे. निदानाचे निकष वेळोवेळी बदलले. स्पेनमधल्या एल एस्कोरियलला १९९०मध्ये तज्ज्ञ बसले, त्यांनी ठरवलेले निकष पुढे सुधारले गेले. जपानमधल्या आवाजी बेटावरच्या बैठकीनंतर २००८मध्ये ईएमजीला जास्त वजन मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला २०१९मध्ये ते पुष्कळ सोपे केले गेले: अशक्तपणा वाढत जाणारा हवा, शरीराच्या किमान एका भागात वरच्या आणि खालच्या दोन्ही न्यूरॉनच्या बिघाडाच्या खुणा हव्यात, किंवा किमान दोन भागांत खालच्याच्या, आणि हे सगळं दुसऱ्या कशाने झालेलं नाही हे तपासलेलं हवं. एमआरआयचं काम आहे ते या शेवटच्या अटीत. आजार दाखवणं हे त्याचं काम नाही. त्याच्यासारखं दिसणारं, आणि कदाचित बरं होणारं दुसरं काही नाही ना, हे तो पाहतो.

हे काम दुय्यम वाटेल, पण मला सगळ्यात जास्त चुकायची भीती तिथेच वाटते. कवटी आणि मान जिथे जुळतात त्या छिद्राशी वाढलेली साधी गाठ हात-पाय कमजोर करते, रिफ्लेक्स भडकवते, हाताचे स्नायूसुद्धा वाळवते. ती काढता येते. एका बाईंना दुसरीकडे जवळजवळ वर्षभर मोटर न्यूरॉन आजार म्हणून सांगितलं गेलं होतं. त्यांचा मेंदूचा एमआरआय झाला होता, मानेचाही झाला होता, पण एकाची चित्रं त्या छिद्राच्या वर थांबली होती आणि दुसऱ्याची त्याच्या खाली सुरू झाली होती. मधला दोन बोटांचा भाग कोणी पाहिलाच नव्हता. गाठ तिथेच होती. ऑपरेशननंतर त्या काठीशिवाय चालू लागल्या. तेव्हापासून दोन्ही फिल्म शेजारी लावून मधला भाग एकात तरी पूर्ण आलाय ना, हे मी स्वतः पाहतो. तुम्हीही विचारा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटायचं काही कारण नाही.

दुसरं उदाहरण पंचविशीच्या आतल्या मुलांचं. एका हाताचा पंजा आणि कोपराखालचा भाग वाळतो, थंडीत बोटं आणखी काम करेनाशी होतात, दुखत काहीच नाही. घरचे हादरून येतात, कारण कोणीतरी मोटर न्यूरॉन आजार हा शब्द उच्चारलेला असतो. जपानच्या हिरायामा यांनी १९५९मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मान पुढे वाकवली की मज्जारज्जूचं मागचं आवरण पुढे सरकून त्याला दाबतं. नेहमीसारखं सरळ झोपवून काढलेल्या एमआरआयमध्ये हे निसटू शकतं, मान वाकवून काढलेल्यात दिसतं. हा आजार काही वर्षं वाढून बहुतेक वेळा आपोआप थांबतो, आणि मान वाकू नये म्हणून वेळेवर कॉलर दिली तर नुकसान कमी राहतं. तेच यंत्र, तोच रुग्ण, फक्त मानेची स्थिती वेगळी. स्कॅन मागवताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहिलंय यावर किती अवलंबून असतं ते यावरून ध्यानात येईल. नुसतं ‘अशक्तपणा’ लिहिलं तर रेडिओलॉजिस्ट जे शोधतील ते वेगळं, आणि ‘उजवा पंजा वाळलाय, रिफ्लेक्स वाढलेत, संवेदना शाबूत’ असं लिहिलं तर वेगळं.

वडिलांचं वय पाहता हिरायामाचा विचार करायची गरज नाही. त्यांच्यासाठी खरा पेच मानेच्या मणक्यांचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

काहीही त्रास नसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसांचे मानेचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांच्या चकत्या, म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या, झिजलेल्या दिसतात. पंचावन्न-साठीला तर तशी दिसली नाही तरच नवल. म्हणजे ज्याला मोटर न्यूरॉन आजार होतो त्यालाही झिजलेली मान असणारच, जसे पांढरे केस असतील तसे. फोटोत दिसतं म्हणून ते दोषी, आणि दिसत नाही तो आजार निर्दोष, असा न्याय इथे सहज केला जातो. मज्जारज्जू खरोखर दाबला गेला असेल तर हात वाळू शकतात, पाय ताठरू शकतात, आणि मग तपासणीत तो मोटर न्यूरॉन आजारासारखाच दिसतो. दोघांत गल्लत होते ती यामुळेच. पण काही गोष्टी मान कधीच करू शकत नाही. जिभेची नस मेंदूच्या देठातून निघते, मानेच्या चकत्यांच्या कितीतरी वर. गादी कितीही सरकली तरी जीभ वाळत नाही, बोलणं जडावत नाही. हनुवटीवर हलकेच हातोडी मारल्यावर जबडा जोरात उसळत असेल तर बिघाड मानेच्या वर आहे. उलट, मानेच्या आजारात बहुतेकदा मुंग्या येतात, बधिरपणा असतो, मान-खांदा दुखतो, पुढे लघवीवरचा ताबा जातो. मोटर न्यूरॉन आजारात संवेदना सहसा शाबूत राहतात. ईएमजीतही एक चांगली युक्ती आहे: पाठीच्या मधल्या भागातल्या, मणक्यांलगतच्या स्नायूंत सुई घालून पाहायचं. मानेच्या चकतीमुळे ते स्नायू बिघडत नाहीत. तिथे बिघाड सापडला तर मानेचं ऑपरेशन करायच्या आधी दहा वेळा विचार करावा लागतो.

मानेचं ऑपरेशन होऊनही अशक्तपणा वाढतच गेला आणि मग माझ्याकडे आले, असे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. एक निवृत्त शिक्षक आठवतात. ऑपरेशननंतर तीन महिने ते ‘जखम भरली की हात येईल’ म्हणून रोज चेंडू दाबत बसायचे. ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालं होतं. सर्जनची नीयत चांगली होती, फोटोत दाब दिसतही होता. फक्त त्यांची जीभ कोणी पाहिली नव्हती. हे सांगताना मला आजही वाईट वाटतं, कारण जीभ पाहायला एक मिनिट लागतं: तोंडाच्या आत सैल पडू द्यायची, बाहेर काढायला सांगायचं नाही, आणि कडांवर बारीक वळवळ दिसते का ते उजेडात निरखायचं.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे येतो. वडिलांचं बोलणं जड झालंय. याला कारण मेंदूच्या देठाशी गाठ, पक्षाघाताचा छोटा झटका, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा डाग असं काही असू शकलं असतं. ते असतं तर एमआरआयमध्ये बहुधा दिसलं असतं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला याचा अर्थ या बऱ्याच शक्यता मागे पडल्या. मानेने बोलणं बिघडत नाही हे वर सांगितलंच. म्हणजे हात वाळलेला, स्नायू उडणारे, बोलणं जडावलेलं आणि मेंदू-देठाच्या फोटोत काही नाही, हे सगळं एकत्र ठेवलं तर ‘नॉर्मल’ एमआरआय न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलेल्या शंकेला बळ देतो, तिला खोडत नाही. हे ऐकायला जड आहे, याची मला जाणीव आहे. पण अर्धवट समजुतीवर घर दोन महिने थांबून राहतं, आणि या आजारात दोन महिने पुष्कळ असतात.

स्कॅनमध्ये न दिसणारे पण वगळायलाच हवेत असेही काही आजार आहेत. बोलणं दिवसअखेर जास्त बिघडत असेल तर मायस्थेनिया या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजारासाठी रक्ततपासणी करतात. एका हाताचा अशक्तपणा असेल, संवेदना ठीक असतील आणि रिफ्लेक्स वाढलेले नसतील, तर मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी या आजारासाठी नसांतला प्रवाह कुठे अडतो का ते बारकाईने पाहतात, कारण इम्युनोग्लोब्युलिनच्या (दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या अँटिबॉडीजच्या) उपचाराने त्यात खरोखर फरक पडतो. बोलण्याचा त्रास मात्र त्या आजारात सहसा बसत नाही. या तपासण्या झाल्यात का, एवढं विचारून ठेवा.

एमआरआयमध्ये कधी या आजाराच्या थेट खुणा दिसतच नाहीत का? दिसतात. वरच्या न्यूरॉनचे तंतू मेंदूच्या आतून जातात तो मार्ग फ्लेअर नावाच्या चित्रांत दोन्ही बाजूंनी पांढरट उजळलेला दिसू शकतो. समोरून घेतलेल्या कापात दोन्ही बाजूंचे मार्ग वरून खाली अरुंद होत येतात. एसडब्ल्यूआय या प्रकारच्या चित्रांत हालचालींच्या पट्टीच्या कडेला काळी रेघ उमटू शकते, कारण मरणाऱ्या पेशींभोवती साफसफाई करणाऱ्या पेशींमध्ये लोह साठतं. जीभ वाळून तिथे चरबी आली असेल तर तीही टी-वन चित्रांत नेहमीपेक्षा उजळ दिसते. मी या खुणा शोधतो, आणि सापडल्या की त्यांची नोंद घेतो. पण त्यांच्यावर निदान ठरवत नाही. तंतूंचा मार्ग निरोगी माणसातही, विशेषतः तीन टेस्लाच्या ताकदवान यंत्रावर, काही ठिकाणी उजळ दिसतो. हालचालींच्या पट्टीत लोह वयानुसार सगळ्यांच्याच साठतं. आणि ज्यांचा आजार पक्का ठरलाय अशा अनेकांच्या स्कॅनमध्ये यातलं काहीही नसतं. खूण दिसली तर शंका वाढते, न दिसल्याने ती कमी होत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण उलटा त्रासही मी पाहिलाय. डोकेदुखीसाठी एमआरआय काढलेला एक तिशीतला तरुण रिपोर्टमधलं ‘तंतुमार्गात दोन्ही बाजूंनी किंचित उजळपणा’ हे वाक्य वाचून रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसला होता. हात-पायांची ताकद उत्तम, रिफ्लेक्स साधे, ईएमजी स्वच्छ. त्याला काहीही नव्हतं. तसंच ‘वयोमानानुसार झालेले बदल’, ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांमुळे झालेले डाग’ ही वाक्यं साठीच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये नेहमी असतात. त्यांचा या आजाराशी संबंध नाही.

एक गोष्ट मात्र वडिलांच्या स्कॅनवर पुन्हा नजर टाकून पाहायला सांगेन: मेंदूचा कपाळाकडचा आणि कानाजवळचा भाग आकसलाय का. मोटर न्यूरॉन आजाराच्या बऱ्याच रुग्णांत विचार आणि वागणं थोडंफार बदलतं, आणि सुमारे १५ टक्क्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे स्वभाव आणि वागणं बदलवणारा डिमेन्शियाचा प्रकार, होतो. घरच्यांना ते आजारपणाची चिडचिड वाटते. अलीकडे वडील तुटक वागू लागलेत का, एकाच गोष्टीचा हट्ट धरतात का, दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच वाटत नाही असं होतं का, हे आईला विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता नव्या स्कॅनबद्दल. इथे आशा आणि जाहिरात यांची सरमिसळ होते, म्हणून जरा खोलात जातो. डीटीआय नावाची एमआरआयचीच एक पद्धत आहे. ती पाण्याचे कण कोणत्या दिशेला सरकतात ते मोजते. निरोगी तंतूंच्या जुडग्यात पाणी पाटातून वाहावं तसं लांबीच्या दिशेने सरकतं. तंतू झडले की पाटाचे बांध फुटल्यासारखं ते इकडेतिकडे पसरतं. मोटर न्यूरॉन आजारात हा बदल वरच्या न्यूरॉनच्या मार्गात आणि मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या पुलाच्या मधल्या भागात सापडतो. १९९९पासून जगभरातल्या अनेक केंद्रांनी तो पुन्हा पुन्हा दाखवला आहे. म्हणजे शोध पक्का आहे. मग आम्ही तो निदानासाठी का वापरत नाही?

दोन वर्गांच्या सरासरी गुणांत फरक असतो, पण एका विद्यार्थ्याचे गुण सांगून तो कोणत्या वर्गातला ते ओळखता येत नाही. डीटीआयची अडचण तीच आहे. पन्नास रुग्णांची सरासरी पन्नास निरोगी माणसांपेक्षा स्पष्ट वेगळी येते, पण एकेकट्याचे आकडे एकमेकांत मिसळतात. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा रुग्णाला रुग्ण आणि निरोग्याला निरोगी म्हणण्यात डीटीआय दोन तृतीयांशाच्या आसपास बरोबर ठरलं. म्हणजे तिघांत एक चूक. तुमच्या घरातला वाद मिटवायला ते पुरणार नाही. यंत्र बदललं, सेटिंग बदललं की आकडेही बदलतात, ही अडचण वेगळीच.

त्याहून मोठी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बहुतेक अभ्यासांत एका बाजूला आजार पक्का ठरलेले रुग्ण असतात आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसं. पण माझ्यासमोर ठणठणीत माणूस कधीच बसलेला नसतो. माझ्यासमोर हात वाळलेला माणूस असतो, आणि प्रश्न असतो तो मानेमुळे वाळलाय, नसेमुळे की मोटर न्यूरॉन आजारामुळे. त्यातही आजार नुकताच सुरू झालेला असतो, जेव्हा बदल सर्वांत कमी असतात. अभ्यासात सोपा पेपर दिलेल्या परीक्षेवरून अवघड पेपरचा निकाल सांगता येत नाही. पेट स्कॅनचंही असंच. मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे ते दाखवतं, आणि या आजारात हालचालींच्या पट्टीत व तिच्या पुढच्या भागात वापर घटलेला दिसतो. इटलीत २०१४मध्ये १९५ रुग्ण आणि तुलनेसाठी ४० जण घेऊन केलेल्या अभ्यासात सुमारे ९५ टक्के रुग्ण ओळखता आले. हा आकडा खरोखर चांगला आहे, आणि मला या वाटेबद्दल आशा वाटते. पण निरोगी गणले जायला हवे होते अशांपैकी सहातला साधारण एक त्याच पद्धतीने रुग्ण ठरला. निदान संशयास्पद असताना, आणि तेही या आजाराचं, एवढी चूक परवडत नाही. संगणकाला हजारो स्कॅन शिकवून एकेकट्या रुग्णाबद्दल अंदाज काढायचे प्रयोगही चालू आहेत. त्यांनाही याच अवघड पेपरला बसावं लागेल.

खरी किल्ली कदाचित वेगळीच असेल. २००६मध्ये कळलं की या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ नावाच्या प्रथिनाचे गोळे साठतात. अल्झायमरमधलं अमायलॉइड हे प्रथिन जसं पेट स्कॅनवर जिवंतपणी दिसतं, तसं हे दिसू लागलं तर आपण आज करतोय ती सगळी वळणं घ्यावी लागणार नाहीत. रोजच्या वापरात येईल असं स्कॅन त्यासाठी अजून तयार झालेलं नाही. दरम्यान रक्तातलं न्यूरोफिलामेंट (चेतापेशींच्या तंतूंमधलं एक प्रथिन) मोजणं काही ठिकाणी उपयोगी पडू लागलंय. चेतापेशी वेगाने मरत असतील तर ते वाढतं, आणि नेमकी शंका असलेल्या रुग्णात स्कॅनपेक्षा जास्त सांगून जातं.

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या याच आजाराचं निदान १९६३मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी झालं. तेव्हा एमआरआय नव्हता. हातातला स्नायूचा तुकडा काढला, सुया टोचल्या, आणि पाठीच्या कण्यात क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडून पलंग तिरका करत ते वरखाली कसं जातं ते पाहिलं, असं त्यांनीच सांगितलंय. पलंग तिरका करायचं कारण तेच होतं ज्यासाठी आज मानेचा एमआरआय करतात: मज्जारज्जूवर दुसरं काही दाबत नाही ना. साठ वर्षांत चित्र कितीतरी स्पष्ट झालं, प्रश्न तोच राहिला. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत आजही सरासरी वर्षभर जातं, आणि एवढ्या वेळात आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. म्हणून लवकर सांगणारं स्कॅन हवं ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे. तीच आमचीही आहे.

पुन्हा स्कॅन करायची वेळ आली तर एक काळजी जरूर घ्या. एमआरआयमध्ये अर्धा-पाऊण तास सपाट झोपावं लागतं. या आजारात छातीचा पडदा कमजोर झाला असेल तर सपाट झोपल्यावर श्वास अपुरा पडतो, आणि गिळता येत नसेल तर लाळ घशात साचते. आधी विचारा: रात्री उशा वाढवाव्या लागतात का, सकाळी डोकं दुखतं का, झोपल्यावर धाप लागते का. यातलं काही असेल तर ते केंद्रात सांगा, हातात घंटी ठेवायला सांगा, आणि घाबरतात म्हणून झोपेचं इंजेक्शन देऊ नका. श्वास कमजोर असलेल्या रुग्णाला ते धोक्याचं ठरू शकतं.

आता पुढच्या भेटीला काय न्यायचं. मेंदू आणि मान दोन्हींच्या एमआरआयची सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. कवटी-मानेचा सांधा चित्रांत आलाय का आणि मानेत मज्जारज्जूवर खरंच दाब आहे की फक्त चकती झिजली आहे, हे न्यूरॉलॉजिस्टना चित्र दाखवून विचारा. ईएमजीत जीभ, पाठीचे स्नायू आणि पाय तपासले होते का ते विचारा, नसतील तर पुन्हा करायला सांगा. शंका उरली असेल तर तीन महिन्यांनी तीच तपासणी परत केल्याने जे कळतं ते नव्या स्कॅनने कळत नाही. वरच्या-खालच्या दोन्ही न्यूरॉनच्या खुणा असतील तर एसओडी-१ आणि इतर जनुकांची तपासणी करावी का, तेही विचारा. एसओडी-१मुळे होणारा आजार एकूण रुग्णांत सुमारे २ टक्केच असतो, पण त्यासाठी टोफरसन हे औषध अमेरिकेत २०२३मध्ये मंजूर झालंय. बाकीच्यांसाठी १९९५पासून रिलुझोल आहे. ते आजार थांबवत नाही, थोडा संथ करतं, आणि लवकर सुरू केलेलं बरं.

मानेच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर ती तूर्त पुढे ढकला. न्यूरॉलॉजिस्ट आणि सर्जन या दोघांचं एकमेकांशी बोलणं झाल्याशिवाय वडिलांना टेबलावर नेऊ नका. आणि उद्याच फोन करून फुप्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीची वेळ घ्या, बसून आणि झोपून अशी दोन्ही. निदान काहीही ठरलं, तरी ती तपासणी त्यांना लागणार आहे.